पेट्रोलची गर्जना आणि विजेची झेप

मनुष्यास वेगाचे आकर्षण फार प्राचीन काळापासून आहे. बैलांच्या शर्यती, घोड्यांच्या शर्यती, होड्यांच्या शर्यती ही सर्व त्याच आवडीची निरनिराळी रूपे होत. विसाव्या शतकात ह्या आवडीने मोटारीचा आश्रय केला, आणि अमेरिकेत तर तिने मोटारीची एक स्वतंत्र जातच निर्माण केली. त्या जातीस तिकडे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, असे म्हणतात. आपण तिला बलदंड मोटार म्हणू. अलीकडे ह्या बलदंड मोटारीस विजेवर धावणाऱ्या शीघ्रगामी मोटारीच्या रूपाने एक प्रबळ प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला आहे. ह्या दोहोंत श्रेष्ठ कोण, ह्याविषयी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत मधल्या सुटीत मोठ्या हिरिरीने वाद चालतात. वाद करण्यास हरकत नाही. परंतु बहुतेक वादांत केवळ आकडे एकमेकांच्या अंगावर फेकले जातात. ते आकडे उत्पन्न कसे होतात, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो विचार करण्यास विद्यार्थिमित्रांस थोडे साह्य करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. विजेची मोटार ही आजकालची नवलाई आहे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तो खरा नव्हे. ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारे पहिले सडकेवरील वाहन विजेचेच होते. १८९९ सालच्या एप्रिल महिन्यात कामिय जेनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ आशेर येथे आपली तोफगोळ्याच्या आकाराची विजेची गाडी ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेगाने हाकली. गाडीचे नावही मोठे मार्मिक होते. त्याचा अर्थ ‘कधीही संतुष्ट न होणारी’. त्या काळी पेट्रोलची मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल हातांनी गरगर फिरवावे लागे, आणि त्याचा उलट तडाखा बसून मनगट मोडण्याचे प्रसंगही येत. विजेच्या गाडीस ही दगदग नव्हती. पुढे चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन यंत्रज्ञाने इंजिन सुरू करण्यासाठी विजेचा स्टार्टर सिद्ध केला, व तो १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला. दैवगती कशी विचित्र असते पाहा! एका लहानशा विजेच्या मोटरने पेट्रोलच्या गाडीचा मुख्य दोष दूर केला, आणि त्यामुळे मोठ्या विजेच्या गाडीची सद्दी संपण्यास मदत झाली.

आता बलदंड मोटारीकडे वळू. १९६४ साली जनरल मोटर्स ह्या कंपनीच्या पाँटियाक शाखेने ‘जी. टी. ओ.’ नावाची गाडी विक्रीस आणली. मध्यम आकाराच्या गाडीत फार मोठे इंजिन बसवू नये, असा त्या कंपनीचाच नियम होता. तेव्हा जॉन डीलोरियन हे ज्या शाखेचे मुख्य अभियंता होते, तिने एक युक्ती काढली. मोठे इंजिन हा गाडीचा मूळ भाग न ठरविता ‘मागितल्यास मिळणारा जादा सरंजाम’ म्हणून तो देऊ केला! साध्या गाडीच्या अंगात ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरांचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले गेले. त्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती सांगितली जाई. साधे अंग, अचाट इंजिन आणि तरुणांच्या आवाक्यातील किंमत ही बलदंड मोटारीची तीन लक्षणे येथून रूढ झाली. त्याच वर्षी फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ आली. पुढे प्लिमथ, डॉज, शेव्हर्लेट ह्यांच्या गाड्या आल्या. परंतु हा बहर फार काळ टिकला नाही. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, विम्याचे हप्ते वाढले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखल्यावर पेट्रोल पिणारी ही धूड जनावरे पोसणे लोकांस परवडेना. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही जात पुन्हा डोके वर काढू लागली खरी, परंतु तोपर्यंत तिचा जुना प्रतिस्पर्धीही नवे सामर्थ्य संपादन करू लागला होता.

हे सामर्थ्य कोणते, हे समजण्यासाठी दोन्ही यंत्रांच्या पोटात डोकावले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण सिलिंडरात येते, दट्ट्या ते दाबतो, ठिणगी पडते, भडका उडतो, आणि त्या भडक्याच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जाऊन मुख्य दांडा फिरतो. जळालेला वायू बाहेर गेला की पुन्हा हाच क्रम सुरू होतो. ह्या चार क्रियांपैकी काम देणारी क्रिया एकच. बाकीच्या तीन तिची तयारी करणाऱ्या किंवा तिच्यामागून झाडलोट करणाऱ्या. आठ सिलिंडर असले की मुख्य दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात चार भडके उडतात. गाडी उभी असता इंजिन मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदास ४० भडके होतात. हे भडके जोपर्यंत पुरेशा वेगाने व पुरेशा हवेनिशी होत नाहीत, तोपर्यंत इंजिनाच्या अंगी पूर्ण जोर येत नाही. वर सांगितलेल्या जी. टी. ओ. गाडीच्या इंजिनाचा फिरविण्याचा जोर, ज्यास ‘टॉर्क’ म्हणतात, मिनिटास ३२०० फेऱ्यांच्या सुमारास शिगेस पोहोचे. आणि इंजिन थांबले असेल, तर त्याचा जोर शून्य! म्हणूनच त्यास क्लच लागतो, गिअर लागतात, आणि ते योग्य वेळी बदलणारा कसबी हातही लागतो.

विजेच्या मोटरची रीत अगदी निराळी आहे. तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह सोडला की ती लोहचुंबकाप्रमाणे वागू लागतात आणि आतील फिरत्या भागास ओढतात. ही ओढ उत्पन्न होण्यासाठी मोटर आधीपासून फिरत असावी लागत नाही. ती स्थिर असतानाच प्रवाह मिळताक्षणी तिला जवळजवळ पूर्ण जोर प्राप्त होतो. प्रयोगशाळेत विद्युच्चुंबकाने टाचणी उचलताना तुम्ही पाहिलेच असेल. कळ दाबताच टाचणी उडी घेते, चुंबक ‘तापण्याची’ वाट पाहत नाही. तोच हा प्रकार. एका दृष्टांताने सांगावयाचे तर पेट्रोलचे इंजिन म्हणजे धावत येऊन उडी मारणारा पैलवान, आणि विजेची मोटर म्हणजे बसल्या जागेवरून झेप घेणारा वाघ. २०२१ साली आलेल्या टेस्ला कंपनीच्या ‘मॉडेल एस प्लेड’ ह्या गाडीत अशा तीन मोटरी मिळून हजाराहून अधिक अश्वशक्ती आहे, आणि तरीही ती चार दारांची, कुटुंबास प्रवासास नेण्याजोगी गाडी आहे. शिवाय चाक घसरू लागले तर विजेच्या प्रवाहाचे नियमन क्षणार्धात करता येते. पेट्रोलच्या इंजिनास आवर घालण्यास त्याहून अधिक वेळ लागतो.

मग वाद संपला, असे कोणी म्हणेल. परंतु थांबा. निसर्ग एका हाताने देतो, तेव्हा दुसऱ्या हाताने काही मागूनही घेतो.

विजेच्या मोटरचा वेग वाढू लागला, की ती स्वतःच जनित्राप्रमाणे वागून आत येणाऱ्या प्रवाहाविरुद्ध दाब उत्पन्न करू लागते. त्यामुळे आरंभीचा प्रचंड जोर अतिवेगाच्या वेळी उतरत जातो. पेट्रोलच्या गाडीची ह्याच ठिकाणी गिअरच्या साह्याने बरोबरी साधण्याची संधी असते. दुसरी गोष्ट वजनाची. येथे थोडे गणित करू. साठ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ४५ किलो असते, आणि त्यात सुमारे ५३० युनिट ऊर्जा साठलेली असते. विजेच्या मोठ्या मोटारीतील बॅटरीत सुमारे १०० युनिट ऊर्जा मावते, आणि तिचे वजन पाचशे किलोंच्या घरात जाते! पेट्रोलचे इंजिन मिळालेल्या ऊर्जेचा तीनचतुर्थांश भाग, कधी त्याहूनही अधिक, उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, आणि मोटर शेकडा नव्वदांच्या आसपास कामी लावते, म्हणून विजेच्या गाडीचा निभाव लागतो. एरवी पेट्रोलसारख्या हलक्या व भरगच्च भांडारापुढे बॅटरीचा टिकाव लागता ना. डॉज कंपनीने २०२४ साली आपल्या जुन्या ‘चार्जर’ नावाने जी विजेची गाडी काढली, तिचे वजन सुमारे २६०० किलो आहे. तीच कंपनी २०२३ पर्यंत जी ‘चॅलेंजर’ नावाची पेट्रोलची गाडी बनवीत होती, तिच्या सर्वांत शक्तिमान प्रकाराचे वजन दोन हजार किलोंच्या आतच होते. पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते. बॅटरी वेगवान केंद्रावरही त्याहून बराच अधिक वेळ घेते. तसेच ओळीने अनेक वेळा पूर्ण जोराने धावल्यास बॅटरी तापते, आणि तिच्या रक्षणासाठी गाडी आपली शक्ती आपणहून कमी करते.

तिसरी गोष्ट आवाजाची. अमेरिकेतील आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा जो घुमणारा, अडखळत गुरगुरणारा ध्वनी प्रसिद्ध आहे, त्याचे कारण असे, की त्यातील सिलिंडर चारचारांच्या दोन रांगांत असतात, आणि प्रत्येक रांगेतील भडके सारख्या अंतराने न होता विषम तालात होतात. मृदंगावर सरळ ठेका आणि आडताल ह्यांत जो भेद असतो, तसाच हा भेद. विजेच्या मोटरला असा ताल नाही. म्हणून वर सांगितलेल्या विजेच्या चार्जर गाडीत डॉज कंपनीने कृत्रिम गर्जना करणारे एक यंत्र बसविले! कित्येक जुन्या शौकिनांस ते हास्यास्पद वाटले. त्याच कंपनीने त्याच चार्जर गाडीचा पेट्रोलवर चालणारा सहा सिलिंडरांचा प्रकारही जाहीर केला, ह्यावरून ग्राहकांचे मन केवळ सेकंदांच्या हिशेबाने जिंकता येत नाही, हे दिसून येते. मोटार ही वस्तू उपयोगाची खरी, परंतु तिच्याशी स्मृती व अभिमान हेही जोडलेले असतात.

आता वादातील त्या सुप्रसिद्ध आकड्यांकडे येऊ. अमेरिकेत उभ्या स्थितीपासून ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, हा वेग गाठण्यास किती सेकंद लागतात, ह्यावर गाडीची थोरवी ठरवितात. प्लेड गाडीस ह्यासाठी १.९९ सेकंद लागतात, असे तिची कंपनी सांगते. डॉजच्या ‘चॅलेंजर डीमन १७०’ ह्या २०२३ सालच्या पेट्रोलच्या गाडीचा आकडा तर १.६६ सेकंद असा जाहीर झाला. म्हणजे पेट्रोल जिंकले काय? येथेच विचारी विद्यार्थ्याने ‘हा आकडा कसा मोजला?’ असा प्रश्न केला पाहिजे.

ताशी ६० मैल म्हणजे सेकंदास सुमारे २६.८ मीटर. गाडीस पुढे ढकलणारी शेवटची शक्ती इंजिनाची नव्हे, तर टायर व जमीन ह्यांतील घर्षणाची असते. चांगल्या कोरड्या सडकेवर हे घर्षण फार तर गाडीच्या वजनाइतके असते. म्हणजे गाडीचा वेग सेकंदागणिक सुमारे ९.८ मीटरांनीच वाढू शकतो. २६.८ ला ९.८ ने भागल्यास उत्तर सुमारे २.७ येते. तेव्हा साध्या टायरांवर, साध्या सडकेवर, कितीही अश्वशक्ती असली तरी २.७ सेकंदांच्या फारसे खाली जाता येणार नाही. मग १.६६ हा आकडा आला कोठून? तर तो शर्यतीसाठी मुद्दाम चिकट केलेल्या पट्टीवर, खास टायरांनिशी मिळालेला आहे; आणि गाडीची जाहीर केलेली १०२५ अश्वशक्तीही इथॅनॉलचे मोठे प्रमाण असलेले इंधन घातले तरच मिळते. ह्याशिवाय, गाडी हलू लागल्यावरचे पहिले सुमारे एक फूट अंतर हिशेबात न धरता वेळ मोजण्याची तिकडे रीत आहे. प्लेडचा आकडाही त्याच रीतीचा. जी. टी. ओ. गाडीच्या काळातील अश्वशक्तीदेखील पंखा, धूरनळी इत्यादी सरंजाम इंजिनावरून उतरवून मोजीत असत. १९७२ सालापासून ती सर्व सरंजामासह मोजू लागले, आणि कागदावरचे आकडे एकाएकी घसरले. आकडे खोटे नव्हते. परंतु आकडा आणि त्याची मोजणी ह्यांची ताटातूट केली, की खरा आकडाही फसवू लागतो. परीक्षेतील गुणांपासून बाजारातील जाहिरातींपर्यंत हा नियम सर्वत्र लागू आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की अमेरिकेतील ह्या श्रीमंती खेळाशी आमचा काय संबंध? संबंध आता पूर्वीइतका दूरचा राहिलेला नाही. महिंद्र कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात सादर केलेली ‘बी. ई. ६’ ही विजेची मोटार पुण्याजवळ चाकण येथे तयार होते, आणि ताशी १०० किलोमीटर वेग सात सेकंदांच्या आत गाठते असे तिचे कर्ते सांगतात. एके काळी अमेरिकेतील बलदंड मोटारींची जी मिरास होती, ती चपळाई आता आपल्या सडकेवर, आपल्या शेजाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली आहे. तेव्हा पालकवर्गानेही पुढील मजकुराकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

पेट्रोलच्या गाडीचा आवाज हा केवळ करमणुकीचा भाग नव्हता. इंजिन ओरडू लागले, गिअर बदलावा लागला, अंग थरथरू लागले, की चालविणाऱ्यास आपण किती जोरात जात आहो ह्याची जाणीव होई, आणि रस्ता ओलांडणारी म्हातारीही आवाज ऐकून जागच्या जागी थांबे. विजेची गाडी ही सूचना देत नाही. म्हणून अमेरिकेत व युरोपात अशा गाड्यांनी मंद वेगाने जाताना मुद्दाम काही ध्वनी केला पाहिजे, असा नियम करावा लागला. परंतु तो ध्वनी पादचाऱ्याकरिता आहे. आत बसलेल्या तरुणास सावध करण्याकरिता तो नाही.

आणि सावध राहण्याचे कारण गणितात आहे. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ब्रेक नीट लागल्यावर, कोरड्या सडकेवर सुमारे १४ मीटरांत थांबते; ताशी १०० वेगाने जाणारीस सुमारे ५५ मीटर लागतात. ह्यात संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद मिळविला, तर ही अंतरे अनुक्रमे २८ व ८३ मीटर होतात. पावसाळ्यातील ओल्या सडकेवर ती आणखी वाढतात. शीघ्रगामी विजेच्या गाडीस ५० वरून १०० वर जाण्यास दोनतीन सेकंद पुरतात. म्हणजे इतक्या अल्प अवकाशात, कानांवर इंजिनाची गर्जना न पडता, थांबण्याचे अंतर जवळजवळ तिप्पट होऊन जाते! मनुष्याच्या डोळ्यांचा व हातापायांचा चपळपणा मात्र जेनात्सीच्या काळी होता तितकाच आज आहे. त्यात कोणत्याही कारखान्यास सुधारणा करता आलेली नाही.

आपल्या देशात १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मोटार चालविण्याची परवानगी नाही, आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अल्पवयी मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकासही कायद्याने जबाबदार धरले जाते. ‘एवढ्यात परत येतो’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या हाती किल्ली देताना हे ध्यानात असावे. कायद्याच्या भीतीपेक्षाही वर मांडलेले गणित मुलाच्या हातून एकदा कागदावर सोडवून घेतल्यास अधिक उपयोग होईल, असा लेखकाचा विश्वास आहे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. आरंभीच्या झेपेत, ऊर्जेच्या काटकसरीत व नियमनाच्या सूक्ष्मतेत विजेची मोटार सरस आहे. हलकेपणात, त्वरित इंधन भरण्यात आणि नादाच्या मौजेत पेट्रोलची बलदंड मोटार अद्याप आपले स्थान राखून आहे. विजेच्या गाडीतून धूर निघत नाही हा तिचा मोठा गुण; परंतु आपल्या देशात आजही निम्म्याहून अधिक वीज कोळसा जाळून होते, हे विसरता कामा नये. जसजशी वीज पाण्यापासून, वाऱ्यापासून व सूर्यापासून अधिक मिळू लागेल, तसतसा तो गुण पूर्ण होत जाईल.

परंतु ह्या दोन्ही मोटारी एका बाबतीत अगदी समान आहेत. दोघींचेही चार टायर त्याच सडकेस धरून असतात, आणि सडकेचे नियम कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीपुढे वाकत नाहीत. ज्यांना यंत्राची आवड आहे, त्यांनी ती अवश्य वाढवावी. यंत्राचे पोट उघडून पाहावे, त्याचे गणित मांडावे, उद्या त्याहून उत्तम यंत्र निर्माण करावे. जो विद्यार्थी ‘किती सेकंद?’ एवढेच विचारतो, तो ग्राहक होईल, जो ‘का?’ आणि ‘कसे मोजले?’ असे विचारतो, तो अभियंता होईल. आणि जो ‘थांबावयास किती अंतर लागेल?’ हेही विचारतो, तो स्वतः सुखरूप घरी येईल व इतरांसही येऊ देईल.